पाणी कुठपर्यंत आलं होतं

बोरझिऱ्याला माझी बदली झाली तेव्हा अमडापूरच्या आमच्या घरी कुणाला हे गाव नकाशावर सापडेना. संग्रामपूरहून उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, डांबरी रस्ता कंटाळून जिथे मुरूम होतो, तिथे ते आहे. "ग्रामसेवकाचं काय, जिथे शिक्का तिथे घर," असं म्हणत वडिलांनी पिशवी हातात दिली. त्याला आता पाच वर्षं होतील. या पाच वर्षांत मी गावाचे जन्म लिहिले, मृत्यू लिहिले, आणि ठराव तर इतके लिहिले की डोकं दुसरीकडे असलं तरी हात आपला चालत राहतो. त्या हाताबद्दल सांगायचंच आहे, पण आधी इंद्रभानभाऊंबद्दल सांगतो.

इंद्रभानभाऊ गावचे ढोरकी, म्हणजे गावभरची जनावरं चारून आणणारे. वय अडुसष्ट. आधी त्यांचा बाप हेच करायचा. गावातलं शेंबडं पोरही त्यांना अरे-तुरे करतं, कारण ढोरक्याला अहो-जाहो करायची पद्धत नाही. मी 'भाऊ' म्हणतो, तर पहिल्या वर्षी ते मागे वळून बघायचे, कुणाला म्हणतोय म्हणून. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर लोक जनावरं आणून सोडतात. ती घेऊन भाऊ लेंडी नाला उतरून पलीकडच्या माळावर जातात आणि दिवस कलल्यावर परत येतात. पूर्वी दोनशे ढोरं असायची, आता साठ-सत्तर आहेत. ते मोजत नाहीत. नुसती नजर टाकतात आणि "गुलाबरावची तांबडी मागं राह्यली" म्हणून उलटे फिरतात.

या माणसाची एक खोड होती आणि तिचा लोकांना भारी राग यायचा. जे स्वतः पाहिलं नाही ते ते सांगतच नसत. पाऊस येईल का, विचारलं तर म्हणायचे, "आल्यावर सांगतो." अमक्याची पोरगी पळाली म्हणे, खरं का, तर, "म्या पाह्यलं नाही." पारावर बसून दोन घटका चकाट्या पिटाव्यात, तर असला माणूस शेजारी काय कामाचा? निराधार योजनेचा अर्ज भरताना मी त्यांना जन्मतारीख विचारली. ते गंभीरपणे म्हणाले, "मी पाह्यली नाही साहेब. मायनं पाह्यली असन." मी अर्जावर एक जानेवारी टाकली. आमच्याकडे निम्मं गाव एक जानेवारीला जन्मलेलं आहे.

आता नाल्यापलीकडच्या जमिनीचं. आमच्या वऱ्हाडात सरकारी पडीक जमिनीला ई-क्लास म्हणतात. बोरझिऱ्याचा ई-क्लास लेंडीच्या पलीकडे आहे. नाल्यालगत सपाट पट्टा, मग हळूहळू चढ, आणि त्याच्यावर जंगल खात्याचे दगड लागतात. गावात जागा नाही म्हणून बासष्ट भूमिहीन कुटुंबांची घरकुलं त्या सपाट पट्ट्यावर बांधायची, असं नऊ वर्षांपूर्वी ठरलं. नऊ वर्षं यादी फिरली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण इथे यादीतले चारजण वर गेले आणि त्यांच्या जागी त्यांच्या पोरांची नावं मी लिहिली. अडत होतं ते एकाच गोष्टीवर. पलीकडे जायला रस्ता नाही, नाल्यावर पूल नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र गाडी हलली. जोडरस्ता आणि पूल दोन्ही आराखड्यात बसले आणि मोजणीसाठी हर्षल नावाचा कनिष्ठ अभियंता आला. देऊळगाव राजाकडचा, सडपातळ, कामाला वाघ असलेला पोरगा. मार्चच्या आत अंदाजपत्रक वर गेलं नाही तर निधी परत, हे त्याने आल्या आल्या सांगितलं.

पुलाची उंची ठरवायची तर त्या नाल्याला मोठ्यात मोठा पूर कुठवर आला होता, हे आधी कळावं लागतं. मोठ्या नद्यांच्या नोंदी असतात. लेंडीसारख्या नाल्याची नोंद कोण ठेवतं? मग अभियंते गावातल्या म्हाताऱ्यांना काठावर नेतात, ते हात करून दाखवतात, आणि तिथे लाल रंगाची खूण होते. तिला गावाचा ठराव जोडला की तो पुरावा झाला. आमच्या बाजूला सरळ कडा आहे, तिथे काही खूण राहत नाही. म्हणून हर्षलने वीस-पंचवीस माणसांना पलीकडच्या काठावर नेलं. सरपंच भगवानराव होते, मी होतो, आणि मागे ढोरं सोडून इंद्रभानभाऊ काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

उत्तर द्यायला कुणाला विचारच करावा लागला नाही. सपाट पट्ट्याच्या खालच्या कडेला, एका पाथरीवर, म्हणजे बसक्या खडकावर, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या आसरा, पाण्याच्या देवता. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की लेकरू घेऊन त्यांच्या ओटीला जाते. ऐंशीच्या घरातल्या चांगुणाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आसरामायच्या पायाच्या वर पानी चढत नाही बापू. माय पह्यले वर्त होती, मोवाच्या झाडाखाली. छत्तीस वर्सं झाली, सोता चालत खाली आली अन् पान्याले हद्द घालून बसली. तवापासून एकडाव बी पानी तिच्या पायाच्या वर गेलं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. छत्तीस वर्षांत गेलं नव्हतं, हे खरंच होतं. हर्षलने देवावर वाद घातला नाही. दगडांच्या पायाशी पाथरीवर लाल खूण केली, यंत्र लावलं, आकडा लिहिला. मी सहज मागे पाहिलं तर इंद्रभानभाऊ नव्हते. ढोरं इकडेतिकडे पांगली होती आणि ढोरकी काठी टाकून गावाकडे चालला होता. पाच वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते कार्यालयात आले. चप्पल बाहेर काढली, आत आले आणि म्हणाले, "दार लावून घ्या साहेब." मला वाटलं निराधारचा पगार अडला असेल. खुर्ची दिली तर खालीच बसले. फरशीकडे बघत म्हणाले, "आसरा चालत नाही आल्या. मी आनल्या."

मी उठून दाराची कडी लावली.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सुभद्राबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पहिली दोन लेकरं सव्वा महिन्याच्या आतच गेली. तिसरा सागर. त्याच्या वेळी बाई जगते की नाही असं झालं होतं, अंगात रक्त नव्हतं. सव्वा महिना झाला आणि तिने धोशा लावला, लेकरू आसरांच्या ओटीत घातल्याशिवाय हे पण जाईल. मोहाच्या झाडापर्यंतचा चढ तिला चढवेना. दोनदा गेली, दोनदा अर्ध्यातून भोवळ येऊन बसली. दुसरं कुणी लेकरू नेलं तर चालत नाही, आईनेच न्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ढोरं सावलीला बसलेली असताना, इंद्रभानभाऊंनी सातही दगड धोतराच्या सोग्यात घेतले, दोन खेपा केल्या आणि खाली पाथरीवर त्याच क्रमाने मांडले. दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई सपाटीने चालत आल्या आणि लेकराची ओटी भरून गेल्या. चार दिवसांनी परत वर नेऊन ठेवू, असं भाऊंनी ठरवलं होतं. पण दोनच दिवसांत चांगुणाबाई तिथे गेल्या आणि गावात बोंब झाली की माय उतरली. वाजंत्री आली, पंगत बसली. ज्या महिन्यात माय उतरली त्या महिन्यातलं पोर म्हणून सागरला गावाने डोक्यावर घेतलं. आजही चैत्रात आसरांपुढचा पहिला नारळ सागर फोडतो.

"तवाच सांगाले पाह्यजे होतं," भाऊ म्हणाले. "पन पंगतीत बसलेल्या मानसाले कसं सांगू का हे खोटं हाय? आज सांगू, उद्या सांगू करता करता जिंदगी गेली."

"बरं, ते झालं," मी म्हणालो. "पण आता काऊन सांगता?"

"कारन पानी मोवापावतर आलं होतं. हे मी पाह्यलं."

ते सात-आठ वर्षांचे होते. बापाबरोबर ढोरं घेऊन पलीकडे होते आणि डोंगरात कुठेतरी आभाळ फाटलं. लेंडी सपाटीवर चढली. बाप-लेक आणि ढोरं वर सरकत गेली, पाणी मागे मागे येत गेलं आणि मोहाखालच्या आसरांच्या पायाशी येऊन थांबलं. त्यांच्या देखत पाच ढोरं वाहून गेली. "बाबा म्हने, पह्यलेच्या लोकायनं मायले इथं काऊन बसवलं, आता समजलं का? अठीपावतर तिचं पानी हाय म्हनून." गावातले बाकीचे तेव्हा कड्यावर, घरात होते. पलीकडचं पाणी पाहिलेला दुसरा माणूस आता जिवंत नव्हता.

मोहाचं झाड आणि पाथरी यांच्यामध्येच तो सपाट पट्टा आहे. बासष्ट प्लॉटांच्या खुंट्या त्यातच ठोकलेल्या. सतरा नंबरची खुंटी सागरची. सागर, त्याची बायको डिंपल आणि दोन लहान नातवंडं तिथे राहायला जाणार होती.

मला त्या माणसाचा राग आला, हे कबूल करतो. छत्तीस वर्षं गप्प बसलात ना, मग आणखी बसा, असं तोंडावर आलं होतं. एवढं मोठं घोंगडं माझ्याच गळ्यात टाकायला हाच वर्ग-तीनचा कर्मचारी सापडला का? पण फोन केला. हर्षल दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला आणि आम्ही तिघे पलीकडे गेलो. भाऊंनी मोहाखाली जागा दाखवली. हर्षलने यंत्र लावलं, मी पट्टी धरली. लाल खुणेपेक्षा मोहाचं बूड दोन पुरुष वर निघालं. हर्षलने वहीतली मागची पानं उलटून आधीचे आकडे पाहिले.

"सर," तो मला म्हणाला, "पाणलोटाच्या हिशेबानंही पातळी वरच निघत होती. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पण नुसत्या माझ्या हिशेबावर साहेब फाईल थांबवणार नाहीत. गावाच्या ठरावात एका माणसाचं जरी लेखी असेल की पाणी इथवर आलं होतं, तर मी फेरतपासणी मागू शकतो. एका माणसाचं पुरे."

"एक तं मीच हाय," भाऊ म्हणाले. हे म्हणताना त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. ठरावासाठी ग्रामसभा आठ दिवसांवर होती.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. एरवी कोरम भरायला मला घरोघर फिरावं लागतं, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. पुलाचा विषय निघाला आणि इंद्रभानभाऊ उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते ग्रामसभेत उभे राहिले असतील. त्यांनी सगळं सांगितलं, धोतराच्या सोग्यासकट. एकही शब्द मागे ठेवला नाही. आता मारतात की काय, अशी मला भीती वाटली.

कुणी मारलं नाही. चांगुणाबाईंनी शांतपणे पदर सावरला आणि म्हणाल्या, "मंग काय झालं? माय त्याच्या हातानं उतरली असन. देव कोनाच्या तरी हातानंच उतरते."

लोकांना हे एकदम पटलं. मला कळेना हसावं की रडावं. माणूस जीव मुठीत धरून गुन्हा कबूल करतोय आणि गाव त्याचाच चमत्कार करून परत त्याच्या हातात देतंय.

"आन पान्याचं काय?" भाऊंनी विचारलं. "पानी मी पाह्यलं हाय."

भगवानराव उठले. वाईट माणूस नाही तो. नऊ वर्षं त्या यादीसाठी त्यानेच संग्रामपूर आणि बुलढाण्याच्या खेपा घातल्या होत्या. "इंद्रभान, तू सात वर्साचा होता तवाची गोष्ट," तो म्हणाला. "हद्द मोवापावतर नेली तं वर जंगल खात्याचे दगड हायेत. मंग बासष्ट घरं कुठी बांधाची, आभायात? अन् पूल उंच केला तं फाईल मुंबईले जाईन. ते तू पाहशीन का, का तुह्या नातवाचा नातू पाहीन?" मग तो बायकांच्या बाजूला वळला. "सुभद्रावहिनी, तुमीच सांगा. खरं काय?"

सुभद्राबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "मी लेकरू घेऊन गेली तवा माय खालीच होती," त्या म्हणाल्या. "मी एवढंच पाह्यलं." आणि खाली बसल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. ते चिडलेले नव्हते. वाटेतलं नेहमीचं झाड एखाद्या सकाळी जागेवर दिसू नये, तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

भगवानरावांनी हात वर करायला सांगितलं. पुराची पाणीपातळी आसरांच्या पायापर्यंत आहे, हे मान्य असणाऱ्यांनी. पाणी कुठपर्यंत आलं होतं हे माणसं हात वर करून ठरवत होती, आणि मी तिथे पेन घेऊन बसलो होतो. हात वर झाले. सागरने आधी बापाकडे पाहिलं, मग डिंपलकडे, आणि हात वर केला. डिंपलचा तर केव्हाच वर होता. सहा जणांच्या एका खोलीत ती आठ वर्षं काढत होती, तिला मी काय बोलू?

"विरोधात कोनी?" भगवानरावांनी पद्धत म्हणून विचारलं.

एक हात वर झाला. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, माह्यं नाव लिहा. इंद्रभाननं नाही म्हनलं, पानी मोवापावतर आलं होतं, एवढं लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

सभा संपल्यावर सुभद्राबाई देवळाच्या पायरीशी थांबल्या. मी काही विचारलं नव्हतं, त्याच बोलल्या. "दोन गेल्यावर हे जगलं साहेब. मायनं देल्लं म्हनून गाव त्याले मान देते. बाप ढोरकी असून त्याले अहो म्हनते. मी कशी म्हनू का मायले त्याच्या बापानं उचलून आनलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

कार्यालयात येऊन मी प्रोसिडिंगचं रजिस्टर उघडलं. विषय क्रमांक लिहिला, पाणीपातळी लिहिली, सूचक लिहिला, अनुमोदक लिहिला आणि त्याच ओघात पुढे लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' हे शब्द मी पाच वर्षांत शेकड्याने लिहिले असतील. दिवाबत्तीचा ठराव सर्वानुमते, नालीचा सर्वानुमते, कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा सर्वानुमते. हात थांबलाच नाही. शेजारी भगवानराव उभे होते, त्यांनी पान ओढलं आणि सही ठोकून गेले. ते गेल्यावर मला कळलं मी काय लिहिलं ते.

त्या रजिस्टरचं पान फाडता येत नाही, पानांवर छापील नंबर असतात. खाडाखोड केली तर शेजारी सही आणि खुलासा लागतो, तपासणीला आलेला माणूस त्यावर बोट ठेवतो, सरपंचाच्या सहीनंतर केलेली खाडाखोड तर फारच वाईट दिसते. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की सह्यांच्या वर दोन ओळी मावतील एवढी जागा होती. त्यात मला एकच लिहायची होती. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. भगवानरावाकडे परत सहीला जायचं, त्याचा चढलेला आवाज ऐकायचा, बासष्ट घरांच्या शिव्या खायच्या, याचा मला कंटाळा आला. घाबरलो म्हणालो असतो तर जरा बरं दिसलं असतं. कंटाळा आला.

संध्याकाळी हर्षलचा फोन आला. "सर, ठरावात विरोध नोंदला आहे ना?"

मी समोरचं पान वाचून दाखवलं. सर्वानुमते. "त्या बाबांनी माघार घेतली का?" त्याने विचारलं.

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. "गाव आहे," एवढंच म्हणालो. त्याने फोन ठेवला. अंदाजपत्रक मार्चच्या आत गेलं आणि मंजूर होऊन आलं. पुलाचा पाया खणायला घेतला, घरकुलाचा पहिला हप्ता आला, पट्ट्यावर विटा पडल्या. गावात बऱ्याच वर्षांनी लोक एकमेकांशी गोड बोलत होते.

इंद्रभानभाऊ मात्र सतरा नंबरच्या प्लॉटवर पाय ठेवीनात. सागर बोलावून थकला. ढोरं घेऊन ते त्या बाजूने जायचे, पण वळसा घालून. सुभद्राबाईंशी बोलणं नव्हतं, जेवण मात्र तिच्याच हातचं. हे मला डिंपलने सांगितलं आणि वर म्हणाली, "साहेब, तुमीच समजवा. तुमचं ऐकतीन."

मी समजवायला गेलो नाही. तेच आले. चप्पल बाहेर काढली, आत आले, या वेळी खुर्चीवर बसले. "साहेब, मले वाचता येत नाही," ते म्हणाले. "ते तुमी लिहलेलं वाचून दाखवा. एकडाव ऐकतो."

मी कपाटातून रजिस्टर काढलं. उगाच थोडा वेळ पानं उलटली. ते पान सापडलं. समोर माझ्याच अक्षरात तीन शब्द होते. आता खरं सांगावं, पाया पडावं, असं वाटलं. तसं वाटलं हे लिहिताना लाज वाटते, कारण केलं ते वेगळंच. पानावर बोट ठेवून मी वाचायला सुरुवात केली. वाचताना आवाजही कार्यालयीन लावला.

"श्री. इंद्रभान यांनी ठरावास विरोध दर्शविला. पुराचे पाणी मोहाच्या झाडापर्यंत आल्याचे त्यांनी स्वतः पाहिले असल्याचे त्यांनी सभेस सांगितले. सदर विरोध नोंदविण्यात आला."

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. "आखिन एकडाव," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा एक शब्दही बदलला नाही, इतकं ते मला चांगलं जमलं.

ते उठले, दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले साहेब. छत्तीस वर्साचं ओझं होतं. आता सरकारनं वाचलं म्हनजे मोजनारे येतीन. येतीन ना?"

"येतील," मी म्हणालो.

"मंग पोराच्या मनाले काऊन दुखवू? मोजनारे येतपावतर हातभार लावतो त्याले."

दुसऱ्या दिवसापासून ते सागरच्या घरावर जायला लागले. ढोरं माळावर सोडून दिवसातून दोनदा नव्या भिंतींना पाणी मारतात. सुभद्राबाई दुपारची भाकर तिथेच आणतात आणि दोघं चौकटीत बसून जेवतात. आता मे संपत आलाय. सागरचा स्लॅब पडला, पुलाचे खांब उभे राहिले. मी पलीकडे गेलो की भाऊ हातातली नळी खाली ठेवून जवळ येतात आणि हळूच विचारतात, "साहेब, मोजनारे कधी येतीन?"

मी म्हणतो, येतील.